खांद्यावर तारे असलेली सिस्टर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या धानोऱ्यात 'मिलिटरी' हा शब्द फार सैल अर्थाने वापरतात. गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर गस्त घालणारा केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जवान हा 'मिलिटरीवाला', आणि आपल्याच जिल्ह्यातला सी-६० चा कमांडो हाही 'मिलिटरीवाला'. त्यामुळे बारावी विज्ञानाची एखादी मुलगी तास संपल्यावर थांबते आणि "सर, मला मिलिटरीत नर्स व्हायचं आहे" असे म्हणते, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या मिलिटरीत?"

हा प्रश्न मी चेष्टेने विचारत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्याचे स्वतःचे दवाखाने आहेत आणि तेथील स्टाफ नर्सचे पद उपनिरीक्षक दर्जाचे असते. त्यासाठी बारावीनंतरची जी.एन.एम. ही पदविका चालते. भूदल, नौदल आणि वायुदल यांची रुग्णालये मात्र संरक्षण मंत्रालयाची. तिथे ज्या परिचारिका काम करतात त्यांच्या सेवेचे नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, आणि त्या थेट अधिकारी असतात. खांद्यावर दोन तारे लावून त्या लेफ्टनंट म्हणून रुजू होतात. पुढे कॅप्टन, मेजर अशा पायऱ्या चढत या सेवेतली सर्वोच्च अधिकारी मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचते. भारतीय सैन्यात मेजर जनरल झालेली पहिली स्त्री कोण, असे विचारले तर लोक कोणा डॉक्टरचे नाव घेतात. प्रत्यक्षात तो मान १९७६ साली गर्ट्रूड अॅलिस राम या परिचारिकेला मिळाला.

आपल्याकडे नर्स म्हटले की डोळ्यांसमोर येते ती गावोगाव लसी घेऊन फिरणारी, पावसाळ्यात नाला उतरण्याची वाट बघत काठावर थांबणारी ए.एन.एम. बाई. तिच्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. या तालुक्यातली कितीतरी बाळे तिच्यामुळे आणि चातगावजवळच्या शोधग्रामने तयार केलेल्या आरोग्यदूतांमुळे जगली आहेत. पण शुश्रूषेच्या या एकाच झाडाला दुसरीही एक मोठी फांदी आहे, हे आमच्या मुलींपर्यंत पोहोचतच नाही.

ही सेवा जुनी आहे. १८८८ मध्ये इंग्रज सरकारने येथील लष्करी रुग्णालयांसाठी विलायतेहून प्रशिक्षित परिचारिका आणल्या. त्या दहाच होत्या. पहिल्या महायुद्धात संख्या अपुरी पडली, तेव्हा येथे भरती सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची कायम स्वरूपात स्थापना झाली आणि आजही हाच सेवेचा स्थापना दिन मानतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या अध्यादेशाने, या परिचारिकांना कमिशन, म्हणजे अधिकारीपद मिळाले. इतिहास एवढा पुरे.

आता वाट. बारावीनंतर चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम सैन्यदलाच्या सहा महाविद्यालयांत चालतो. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईत कुलाब्याचे नौदलाचे 'अश्विनी' रुग्णालय, आणि कोलकाता, दिल्ली, लखनौ व बंगळुरू येथील लष्करी रुग्णालये ही ती सहा ठिकाणे. सगळ्या मिळून जागा २२० च्या आसपास, त्यातल्या पुणे आणि मुंबई येथे चाळीस-चाळीस. शिक्षण, राहणे आणि जेवण सरकारी खर्चाने, शिवाय दरमहा विद्यावेतन. बदल्यात किमान पाच वर्षे सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. सातव्या वेतन आयोगानुसार लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते आणि सैनिकी सेवेचे वेगळे वेतन त्यावर.

आकडे ऐकून मुलींचे डोळे चमकतात. मग मी अटी सांगतो, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

पहिली अट म्हणजे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय, एकूण किमान पन्नास टक्के गुण, आणि तेही पहिल्याच प्रयत्नात, नियमित विद्यार्थिनी म्हणून. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेली मुलगी इथे चालत नाही. एका विषयात राहिली आणि पुरवणी परीक्षेत सुटली, तरी हा दरवाजा बंद. आमच्याकडे आश्रमशाळेत वर्षभर एखाद्या विषयाला शिक्षकच नसणे ही नवलाची गोष्ट नाही. त्याची किंमत ती मुलगी अशी मोजते आणि तिला ते ठाऊकही नसते. म्हणून हे बारावीच्या निकालानंतर सांगून उपयोग नाही. ते अकरावीच्या पहिल्या महिन्यातच सांगायला हवे.

दुसरी गोष्ट प्रवेश परीक्षेची. २०२२ पासून या प्रवेशासाठी 'नीट' बंधनकारक झाली. हीच ती डॉक्टरकीची 'नीट'. तिच्या गुणांवरून पहिली निवड होते. आपल्या राज्यातल्या इतर नर्सिंग महाविद्यालयांसाठी मात्र राज्याची वेगळी सीईटी आहे. दोन्हींची दारे वेगळी आणि दोन्हींचे अर्ज वेगळे.

एका मुलीचे सांगतो. मुरूमगावच्या पलीकडच्या, छत्तीसगडच्या सीमेलगतच्या गावची. दुसऱ्या महाविद्यालयात शिकलेली, बारावीला उत्तम गुण. "नर्सिंगला सीईटी लागते" एवढे कुणीतरी सांगितले, तिने ती दिली. सैन्याची जाहिरात हातात घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा 'नीट' होऊन दोन महिने उलटले होते. आज ती दूरच्या एका खाजगी महाविद्यालयात शिकते. पहिल्या वर्षाच्या फीसाठी घरची बैलजोडी गेली. मुलगी हुशार आहे, चांगली नर्स होईल. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक फॉर्म भरला असता, तर निदान स्पर्धेत उतरण्याची संधी तरी तिला मिळाली असती.

'नीट' मराठीतून देता येते. पुढची चाळणी मात्र इंग्रजीतली आहे. निवडलेल्या मुलींची संगणकावर सामान्य बुद्धिमत्ता आणि सामान्य इंग्रजी यांची परीक्षा होते, मग मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. आमच्या मुलीच्या घरात गोंडी, शाळेत मराठी, बाजारात थोडी हिंदी नि छत्तीसगढी. चार भाषा बोलणारी ही मुलगी पाचव्या भाषेला घाबरते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. परीक्षेतले इंग्रजी साहित्याचे नसते. शब्दांचे अर्थ, वाक्यातली चूक, साधे व्याकरण, एवढेच असते. रोज अर्धा तास, दोन वर्षे, एवढ्यात ते जमते. आणि एकदा वॉर्डात उभी राहिली की तिच्या त्या चार भाषाच तिच्या उपयोगी पडणार आहेत, कारण खाटेवरचा जवान देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला असू शकतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. सैन्यदलात अधिकारी होताना जातीनिहाय आरक्षण नाही, इथेही नाही. जमातीचा दाखला गुणांच्या बाबतीत कामी येणार नाही. गोंदणाच्या बाबतीत मात्र तो जवळ असावा. अंगावरच्या कायमच्या गोंदणाला सैन्याच्या नियमांत मर्यादा आहे, पण आदिवासी समाजात रूढीने चालत आलेल्या गोंदणाला सवलत दिलेली आहे. आजीने हौसेने गोंदवून घेतले म्हणून कुणी मागे फिरू नये.

उंची किमान १५२ सेंटिमीटर लागते. तिला इलाज नाही. रक्ताला आहे. आमच्या भागात मुलींमध्ये रक्तक्षय फार, आणि वैद्यकीय तपासणीत तो आडवा येतो. लोहाच्या गोळ्या शाळेत मिळतात आणि बऱ्याचदा दप्तरातच राहतात. सिकलसेलची तपासणीही आधीच करून घ्यावी. नर्स होण्याचे सोडा, ती तपासणी लग्नाआधी प्रत्येकीनेच करून घ्यावी असे माझे मत आहे.

लग्नाचा विषय निघालाच आहे. अर्ज करणारी मुलगी अविवाहित असावी लागते. घटस्फोटिता, कायद्याने विभक्त झालेली किंवा पाठीमागे जबाबदारी नसलेली विधवा हिलाही अर्ज करता येतो. पालक मला विचारतात, "म्हणजे सर, पुढं लग्नच नाही का?" तसे नाही. पण ही शंका हवेतून आलेली नाही. सेलिना जॉन नावाच्या लेफ्टनंट याच सेवेत होत्या. १९८८ मध्ये त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी, लग्न केले म्हणून, त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. तसा नियमच होता, आणि तो फक्त या परिचारिकांना लागू होता. १९९५ मध्ये तो रद्द झाला. सेलिना जॉन मात्र लढत राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघडउघड मनमानी ठरवला आणि त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे छत्तीस वर्षे गेली. पालकांना मी ही हकिगत लपवत नाही, पूर्ण सांगतो. आज सेवेत असताना लग्न करता येते.

दुसरी भीती वर्दीची. ती तर आमच्या मातीतलीच. २१ मे २००९ रोजी याच तालुक्यात हत्तीगोट्याजवळ सोळा पोलीस मारले गेले, त्यांत पाच महिला पोलीस होत्या. ते ज्यांना आठवते त्या आईला "काही होत नाही" असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच सांगतो की या परिचारिकेचे काम रुग्णालयात असते. तिथे अतिदक्षता विभाग असतो, शस्त्रक्रियागृह असते, जवानांच्या बायकांची बाळंतपणे असतात, निवृत्त सैनिकांचे मधुमेह असतात. बदल्या होतात, सीमेजवळच्या रुग्णालयातही जावे लागते. नागपूरजवळ कामठीला लष्करी रुग्णालय आहे, पण मुलगी तिथेच राहील असा हट्ट धरून तिला पाठवू नये.

बारावीनंतर ही संधी हुकली तरी सारे संपत नाही. बाहेरच्या मान्यताप्राप्त महाविद्यालयातून बी.एस्सी., पोस्ट बेसिक बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि परिचारिका म्हणून नोंदणी असलेल्या मुलींसाठी अल्पसेवा कमिशनची भरती निघते. त्या बैलजोडीवाल्या मुलीला मी हेच सांगून ठेवले आहे. नुसत्या जी.एन.एम.वर तिथे जाता येत नाही, त्यावर पोस्ट बेसिकची दोन वर्षे करावी लागतात. मुलेही विचारतात. ही सेवा स्त्रियांसाठीच उभी राहिलेली. मुलांसाठी भूदलात नर्सिंग असिस्टंट हे शिपाई पातळीवरचे पद आहे, बारावी विज्ञानावर.

शेवटी दलालांविषयी. "मिलिटरी नर्सिंगला लावून देतो, इतके पैसे द्या" असे म्हणणारा कुणी भेटला, तर तो खोटा आहे हे धरून चालावे. अर्ज फक्त 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर, 'नीट'चा निकाल लागल्यानंतर भरायचा असतो. वयाची आणि गुणांची अट त्या वर्षीच्या सूचनेतच बघावी, मागच्या वर्षीच्या कात्रणात नाही. 'नीट'चा अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, ऐन बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत. आधार कार्डावरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव एकच आहे ना, हे दिवाळीच्या सुट्टीतच पाहून घ्या. आमच्याकडे आडनाव एका कागदावर 'पोटावी' असते आणि दुसऱ्यावर 'पोटावे', आणि ते दुरुस्त व्हायला तहसील कार्यालयाच्या दोन-तीन खेपा सहज होतात.