मोठ्या स्क्रीनचा महागडा फोन : पारख दुकानात नव्हे, उन्हात

मोठ्या स्क्रीनचा अव्वल श्रेणीतील अँड्रॉइड फोन आपण बहुधा दुकानातील थंड हवेत आणि सौम्य प्रकाशात पाहतो. वापरावा मात्र लागतो तो रस्त्यावर, शेतात आणि प्रवासात. म्हणून अशा फोनची पारख करण्यासाठी एखादा कठोर प्रदेश डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी ठरते. पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळला लागून असलेला तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा असाच आहे. भर उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, मुख्य पीक कापूस, आणि तेलुगूच्या जोडीने मराठी, उर्दू व गोंडी बोलणारी माणसे. येथे उपयोगी पडणारा फोन इतरत्रही निराश करणार नाही.

किंमत कशात मोजावी?

उदाहरणादाखल सॅमसंगचा गॅलेक्सी एस २५ अल्ट्रा घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये तो १,२९,९९९ रुपयांपासूनच्या किमतीत सादर झाला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे हा फोन सुमारे १६ क्विंटल कापसाचा झाला. त्याच हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सुरू केली, त्यामुळे स्मार्टफोन शेतकऱ्याच्या गरजेचा झाला हे खरे. पण त्या नोंदणीसाठी साधा फोन पुरतो. लाखाहून अधिक रुपये मोजायचे तर त्यांचा मोबदला कशात मिळतो, हे पाहिले पाहिजे.

तो मुख्यतः आयुर्मानात मिळतो. या फोनला ७ वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अद्यतने देण्याचे कंपनीचे आश्वासन आहे. ७ वर्षे वापरल्यास वर्षाचा खर्च साडेअठरा हजारांच्या घरात जातो, तर ३ वर्षांत बदलल्यास तोच ४३ हजारांवर पोहोचतो. हप्त्यांवर घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

ऊन आणि उष्णता

जाहिरातीत स्क्रीनची कमाल प्रखरता २,६०० निट्स अशी लिहिलेली असते. निट हे प्रखरता मोजण्याचे एकक. मात्र हा आकडा कडक उन्हात, स्वयंचलित प्रखरता चालू असताना आणि मर्यादित वेळ गाठला जातो. फोन तापला की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि चार्जिंगही हळू करतो. हा दोष नव्हे. बॅटरी वाचवण्याची ती व्यवस्था आहे. असे फोन साधारणतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, असा कंपन्यांचाच सल्ला असतो. आदिलाबादचा मे महिना त्याच्या कितीतरी पुढे असतो.

तेव्हा दुकानदाराची परवानगी घेऊन फोन दुपारी बाहेर आणावा. दहा मिनिटे कॅमेरा आणि नकाशा चालू ठेवून अक्षरे वाचता येतात का, हे पाहावे. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज राहणे, दोन्ही मारक आहेत. म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आहे का, आणि बॅटरी बदलण्यास किती खर्च येईल, हे खरेदीपूर्वीच विचारावे. ७ वर्षांत ती निदान एकदा बदलावी लागेल, असे धरून चालावे.

हात आणि लिपी

२०११ साली ५.३ इंचांचा पहिला गॅलेक्सी नोट अवाढव्य वाटला होता; एस २५ अल्ट्राची स्क्रीन ६.९ इंचांची आहे. वजन २१८ ग्रॅम, म्हणजे पाव किलोला थोडेच कमी. एका हाताने टंकलेखन करून पाहावे आणि सदऱ्याच्या खिशात घालून वाकून पाहावे.

मोठ्या स्क्रीनचा खरा लाभ वाचनात आहे. अक्षरांचा आकार वाढवून मराठी मजकूर उघडावा. ‘कैऱ्या’, ‘दऱ्या’, ‘ॲप’, ‘बाळ’ हे शब्द नीट उमटतात का, ओळी तुटतात का, ते पाहावे. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावाच्या नावाने ओळखली जाणारी गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडच्या ११.० आवृत्तीत समाविष्ट झाली. परंतु युनिकोडमध्ये स्थान मिळणे आणि फोनवर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनमध्ये त्या लिपीचा फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. लाखाच्या फोनने आपल्या घरची भाषा दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

नेटवर्क आणि दुरुस्ती

७०० मेगाहर्ट्झसारखी कमी वारंवारता दूरवर आणि भिंतीआड अधिक चांगली पोहोचते, ३.५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण तिचा पल्ला कमी. गावात फोनच्या क्षमतेपेक्षा जवळचा मनोरा कोणत्या लहरीवर चालतो, हे अधिक महत्त्वाचे. आपल्या सिमवर, आपल्या घरात तपासणी झाली तरच ती खरी.

शेवटी अधिकृत सेवा केंद्र किती दूर आहे आणि फुटलेली स्क्रीन बदलायला किती दिवस लागतात, याची चौकशी करावी. गोव्याच्या वाचकाने आणखी एक ध्यानात ठेवावे : आयपी ६८ हे मानांकन गोड्या पाण्यातील चाचणीवर आधारलेले असते, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची हमी त्यात नसते. माहितीपत्रक सर्वांसाठी एकच छापले जाते. हवा, भाषा आणि अंतर ज्याचे त्यालाच मोजावे लागते.