विडी सुटली आणि पट्टा एक भोक सरकला

विडी-सिगारेट सोडून दोन-तीन महिने झाले की नगरकडे भेटेल तो म्हणतो, "अंग धरलंय की राव!" कौतुकाचं बोलणं असतं, पण ऐकणाऱ्याच्या मनात ते घर करून बसतं. पोट सुटल्याच्या धसक्याने पुन्हा टपरी गाठणारे कमी नाहीत. एकानेही त्यापायी परत जाऊ नये, म्हणून हा सगळा मालमसाला.

वाढतं तरी किती?

२०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अनेक देशांतल्या चाचण्यांची एकत्र आकडेवारी छापून आली. कसलंही औषध न घेता सिगारेट सोडलेल्यांचं वजन पहिल्या महिन्यात सरासरी किलोभराने वाढलं, तीन महिन्यांत तीन किलोंच्या आसपास आणि वर्षअखेर साधारण ४.७ किलोंनी. म्हणजे जास्त जोर पहिल्या तीन महिन्यांत. आणि हे वाचाच: शंभरातल्या सोळा जणांचं वजन चक्क घटलं होतं! तेरा जणांचं मात्र दहा किलोंहून जास्त वाढलं. तेव्हा 'सोडली की माणूस फुगतोच' हे काही खरं नाही.

दोनशे कॅलरी गेल्या कुठे?

निकोटीन शरीराचं इंजिन विनाकारण पळवत ठेवतं. १९८६ मध्ये काही धूम्रपान करणाऱ्यांना बंद खोलीत ठेवून त्यांची ऊर्जा मोजली गेली. दिवसाला २४ सिगारेटी ओढल्या, तर शरीर सुमारे दहा टक्के, म्हणजे दोनशेच्या आसपास कॅलरी जादा जाळतं. सिगारेट थांबली की हा जादा खर्चही थांबतो.

आता आपल्या चहाचा हिशेब मांडा. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. चमच्याला १६ ते २० कॅलरी धरल्या, तर बेरीज पुन्हा दोनशेवरच येते. साखर तोडली की अर्धी लढाई जिंकली, असं मी ठामपणे म्हणेन.

किल्ल्यातला चहा

मौलाना अबुल कलाम आझाद १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथे लिहिलेल्या पत्रांचं त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक उर्दूत गाजलं. त्यात ते आपल्या बिनदुधाच्या चिनी चहाबद्दल भरभरून लिहितात आणि सांगतात, की चहाच्या पहिल्या घोटालाच ते सिगारेट शिलगावत. मग एक घोट, एक झुरका, असा क्रम चालायचा.

चहा आणि झुरका ही जोडी फोडणं सगळ्यात अवघड. त्यात एक गंमत शरीर स्वतःच करतं. धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असतं. धूर थांबला की आठवड्याभरात तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीचं कॅफिन रक्तात जास्त वेळ टिकतं. सोडल्यावर झोप उडते, छातीत धडधडतं, चिडचिड होते, त्यातला काही वाटा या चहाचाही असतो. झोप कमी झाली की भूक वाढते, हे वेगळं सांगायला नको. म्हणून सहाचे तीन कप करा, आणि शेवटचा कप दुपारीच घ्या.

भूक मारायची तंबाखू

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत भाकरीची वेळ होईपर्यंत चिमूटभर तंबाखू दाढेत धरून दिवस रेटणारी माणसं आहेत. "भूक लागत नाही," असं ती सांगतात, आणि ते शब्दशः खरं आहे. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. निकोटीन तिथल्या पोट भरल्याची खूण देणाऱ्या पेशींना चेतवतं, हे २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. तेव्हा सोडल्यावर येणारी भूक हा काही आजार नव्हे. इतकी वर्षं दाबून ठेवलेली भूक आहे ती. जिभेची चव आणि नाकाचा वास काही दिवसांतच परततो, ठेचा पुन्हा खमंग लागतो आणि भाकरी एकाची दीड होते.

गोड की सिगारेट?

वजनाची भीती विकून सिगारेटवाल्यांनी बक्कळ पैसा केला. १९२८ मध्ये अमेरिकेत 'लकी स्ट्राइक'ने जाहिरात काढली: गोड खावंसं वाटलं, तर त्याऐवजी आमची सिगारेट ओढा. मिठाईवाले खवळले, खप मात्र वाढला. बारीक राहण्यासाठी ओढायची, ही कल्पना अशी डोक्यात भरवली गेली. शंभर वर्षं होत आली, तरी ती निघालेली नाही.

आपल्याकडे ती उलटी फिरते: विडी सुटली की हात गोडाकडे जातो. आणि हा जिल्हा तर साखरेचा! विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५० पासून प्रवरानगरला आहे. चहा, रसवंती, पेढे, सगळं हाताशी. त्यावर उताराही इथलाच: राहात्याचा पेरू, श्रीगोंद्याचं लिंबू, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेलं 'भगवा' डाळिंब. पेरू तर दोन्ही कामं करतो. शंभर ग्रॅममध्ये सत्तरच्या आत कॅलरी, पाचेक ग्रॅम तंतू, आणि चावून खावा लागत असल्याने हात-तोंडही गुंतून राहतं. लिंबूपाणी घ्या, पण साखर न घालता, मीठ-जिऱ्याचं. शेव-फरसाणाची पुडी खिशात नको. भाजलेली बडीशेप आणि दोन लवंगा पुरतात.

आणि पहिल्या महिन्यात कडक उपवास धरू नका. रिकाम्या पोटी तलफ दुप्पट जोराने येते आणि साबुदाण्याची खिचडी काही वजन उतरवत नाही.

जेवणानंतरची दहा मिनिटं

सगळ्यात हट्टी विडी जेवणानंतरची. हात धुतले, ओसरीवर टेकलं की बोटं खिशाकडे जातात. बरेचदा तलफेचा जोर तीन ते पाच मिनिटांत ओसरतो आणि थोडं चालल्याने ती कमी होते, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. ताट बाजूला झालं की ओसरीवर न टेकता सरळ चपला घालायच्या. आजी-आजोबांची शतपावली इथे नेमकी बसते: तलफही टळते, जेवणानंतर चढणारी रक्तातली साखरही आटोक्यात राहते.

ज्याला जास्त हौस असेल, त्याने हिवरे बाजारचं बघावं. पोपटराव पवारांच्या गावाच्या पंचसूत्रीत नशाबंदी आणि श्रमदान शेजारी-शेजारी आहेत. श्रमदानात अर्धा तास चर खोदलात, तर दीडशेच्या वर कॅलरी जातात. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंच्या प्रेरणेने दुकानांतल्या विड्या, सिगारेटी, तंबाखू गोळा करून होळीत टाकल्या गेल्या आणि गावात त्यांची विक्री थांबली. टपरीवर मालच नसेल, तर मन वळवायला फार जोर लागत नाही.

मावा म्हणजे सोडणं नव्हे

विडी सोडून तंबाखू-सुपारीचा मावा धरला, तर निकोटीन तिथेच राहिलं आणि तोंडाच्या कर्करोगाची भर पडली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते.

आणि दहा किलो वाढलेच तर?

तरीही सोडणाराच फायद्यात! २०१८ मध्ये सुमारे १ लाख ७० हजार अमेरिकी लोकांची आकडेवारी प्रसिद्ध झाली. सोडल्यानंतर ज्यांचं वजन दहा किलोंहून जास्त वाढलं, त्यांचाही मृत्यूचा धोका ओढत राहिलेल्यांच्या जवळपास निम्माच होता. वजन वाढलेल्यांत मधुमेहाचा धोका काही वर्षं वाढतो, मग उतरतो. म्हणून वर्षातून एकदा साखर तपासावी. निकोटीनच्या च्युइंगमने वजनवाढ थोडी लांबते. ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. वजनाची काळजीही त्यांना मोकळेपणाने सांगा.