सोयाबीनमधील पर्णीय खत फवारणी : वाढ व उत्पादनावरील परिणाम

प्रस्तावना : पिकाला लागणारी अन्नद्रव्ये पाण्यात विरघळवून पानांवर फवारणे म्हणजे पर्णीय खत देणे होय. पानांवरील सूक्ष्म छिद्रे व वरच्या पातळ थरातून ती आत शिरतात. शेंगा भरताना सोयाबीनच्या मुळांवरील गाठींचे कार्य मंदावते आणि पानांतील नत्र दाण्यांकडे वळून पाने पिवळी पडतात. अशा वेळी फवारणीने ही उणीव भरून काढावी, असा विचार पुढे आला.

संशोधनाचा अनुभव : अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील गार्सिया व हॅनवे यांनी 1976 साली याविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. दाणे भरताना नत्र, स्फुरद, पालाश व गंधक यांच्या फवारण्या केल्याने त्यांच्या प्रयोगांत उत्पादनात लक्षणीय वाढ आढळली. तथापि नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत हा लाभ सातत्याने मिळाला नाही. काही ठिकाणी पाने करपून उत्पादन घटलेही.

कारणमीमांसा : सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. त्यामुळे हेक्टरी 20 क्विंटल उत्पादनात सुमारे 120 ते 130 किलो नत्र साठते. 2 टक्के युरियाचे 500 लिटर द्रावण फवारल्यास 10 किलो युरिया, म्हणजेच केवळ 4.6 किलो नत्र मिळते. द्रावण तीव्र केल्यास पाने करपतात. म्हणून मुख्य अन्नद्रव्यांबाबत फवारणी ही पूरक ठरते, जमिनीतील खताला पर्याय नव्हे.

सूक्ष्म अन्नद्रव्यांची स्थिती वेगळी आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते मिळत नाही व कोवळी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात. लोहाची गरज अत्यल्प असल्याने 0.5 टक्के फेरस सल्फेटची फवारणी उपयोगी पडते. मात्र लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे फारसे जात नाही, त्यामुळे ती पुन्हा करावी लागते.

निष्कर्ष : पाने हिरवी दिसली म्हणजे उत्पादन वाढलेच, असे नाही. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकात एका वाफ्यावर केवळ पाणी फवारावे, प्रत्येक उपचाराची पुनरावृत्ती करावी आणि उंचीबरोबरच शेंगांची संख्या, शंभर दाण्यांचे वजन व एकूण उत्पादन नोंदवावे. विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे असतील, तर खर्च व मिळकतीचा हिशेबही त्यांच्याकडून मांडून घ्यावा.