जॅक स्पॅरोच्या सभेत आंग्रे काय करत होते? (एपिसोडचा मजकूर)

मालवणात पाऊस धो-धो चालू आहे, त्यामुळे ऑडिओत मध्ये मध्ये पत्र्यावरचा ताशा ऐकू येईल. इथे वाचणाऱ्यांना तेवढी सुटका. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'ॲक्च्युअली' कापलेत.

तर, मी शाळेत असताना बाजारात एक सायबर कॅफे होता. तिथल्या एका पीसीवर 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन: ॲट वर्ल्ड्स एंड' हा गेम होता. कॉपी केलेल्या सीडीवरून टाकलेला. चाच्यांचा गेम आणि तोही चोरीचा, हा विनोद मला खूप उशिरा कळला.

गेम आला मे २००७ मध्ये, त्याच नावाच्या सिनेमासोबत. कथेत दुसरा आणि तिसरा असे दोन्ही सिनेमे कोंबलेत. समुद्री राक्षस, शापित खलाशी, जादूचं होकायंत्र वगैरे सगळं आहे, पण आपण करायचं काय, तर मुख्यतः तलवार चालवायची. शिपाई घेरतात, आपण बटणं बडवतो, जॅक झोकांड्या खात सगळ्यांना लोळवतो. वी नावाच्या कन्सोलवर तर रिमोटच तलवारीसारखा फिरवायचा.

इथे जरा माझ्या धंद्याचं बोलतो. ऑफिसात आमचं काम अपुरं राहिलं तर आम्ही रिलीज पुढे ढकलतो. शिव्या खातो, पण ढकलतो. सिनेमावरच्या गेमला ती सोय नाही. थिएटरची तारीख ठरली की गेमची पण ठरली. मग टीम काय करते? जे हमखास चालतं, म्हणजे मारामारी, ते आधी नीट करते आणि आजूबाजूचं जग जेमतेम उभं करते. मला तरी हा गेम तसाच वाटला. तलवारबाजी मजेदार, समुद्र मात्र पडद्यासारखा मागे टांगलेला.

आता मुद्द्याचं. सिनेमात नऊ समुद्रांच्या नऊ चाचे-सरदारांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा सरदार कोण? श्री सुंभाजी आंग्रिया! भूमिका केलीय मार्शल मनेश या इराणी-अमेरिकन नटाने. फेटा, दाढी, रुबाब सगळं आहे. पण तो स्वतः बोलत नाही, त्याचे सेवक त्याच्या वतीने बोलतात. शेवटी तोंड उघडतो तेव्हा आवाज एकदम चिरका निघतो. थिएटर हसतं, सीन संपला.

सिनेमा आमच्या घरी टीव्हीवर लागला होता तेव्हा आजो शेजारी बसले होते. रापणीवर आयुष्य घालवलेला माणूस. नाव ऐकून म्हणाले, "आंग्रे काय चोर होते काय रे?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचायला लागलो.

संभाजी आंग्रे हे कान्होजींचे चिरंजीव. कान्होजी १७२९ मध्ये गेले, मग सेखोजी सरखेल झाले, ते १७३३ मध्ये गेले. त्यानंतर भाऊबंदकी. मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे, म्हणजे सुवर्णदुर्ग आणि आपल्या देवगड तालुक्यातला विजयदुर्ग धरून. १७३५ च्या डिसेंबरात संभाजींच्या आरमाराने ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज पकडलं. मुंबईला येणारं जहाज थेट हातातून गेलं म्हटल्यावर कंपनी किती हादरली असेल बघा. आणि गंमत म्हणजे, आपला हा गेम बनवणारी युरोकॉम कंपनी इंग्लंडमधल्या डर्बी शहरातलीच होती! योगायोग आहे, पण मला हसू आवरलं नाही.

मग चोर की आरमार? भानगड दस्तकाची आहे. दस्तक म्हणजे परवाना. आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर पैसे भरून परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त, असा आंग्र्यांचा नियम. हा त्यांनी शोधलेला नाही. पोर्तुगीज त्यांच्या आधी दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाने हेच करत होते आणि इंग्रजही आपले पास वाटत होते. इंग्रजांनी दुसऱ्याचा परवाना मानायचा नाही असं ठरवलं, की आंग्र्यांची जप्ती त्यांच्या दप्तरात 'पायरसी' म्हणून लिहिली जायची. त्याच दप्तरातून नाव सिनेमात आलं. आपल्या नौदलाने मात्र मुंबईतल्या तळाला 'आयएनएस आंग्रे' नाव दिलंय.

बरं, म्हणून आंग्रे संत होते असं नाही. त्यांच्या हाती देशी व्यापाऱ्यांची गलबतंही लागायची. आणि संभाजींनंतर आलेल्या तुळाजींविरुद्ध खुद्द पेशव्यांनीच इंग्रजांशी हात मिळवला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, आरमार जळालं. हे ऐकलं की शाळेतला इतिहास जरा वेगळा दिसतो.

हे सगळं आत्ता का सांगतोय? कारण गेले काही महिने मी रात्री जागून मोबाईलसाठी एक छोटा गेम बनवतोय. तयार टेम्प्लेट घेतला. त्यात जहाजाचे तीनच प्रकार: नौदल, व्यापारी, पायरेट. आंग्र्यांचं जहाज टाकायला गेलो आणि ड्रॉपडाऊनवर बोट अडकलं. 'नौदल' निवडलं तर ते व्यापाऱ्याला हातच लावत नाही. 'पायरेट' निवडलं तर दिसेल त्याच्यावर तुटून पडतं. दोन्ही खोटं.

शेवटी तो प्रकारच काढून टाकला. आता प्रत्येक जहाजाकडे परवान्यांची यादी असते आणि प्रत्येक बंदर कुणाचा परवाना मानायचा ते ठरवतं. त्यामुळे तेच जहाज विजयदुर्गात सरकारी आणि मुंबईत चाचा दिसतं. सिड मायरच्या 'पायरेट्स!' मध्ये, १९८७ मध्येच, याच्या जवळचं काहीतरी होतं. एका राजाचा परवाना घ्यायचा आणि त्याच्या शत्रूला लुटायचं. म्हणजे मी फार मोठा शोध लावलेला नाही.

लढाई मात्र मला आपली हवी होती. कंपनीच्या जहाजांच्या तोफा दोन्ही कुशींना. आंग्र्यांची गुराब साधारण १५० ते ३०० टनांची, उथळ पाण्यात चालणारी, तोफा पुढच्या टोकाला. सोबत चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबतं. वारा पडला की मोठं जहाज जागेवर खिळतं. मग गलबतं गुराबेला ओढत त्याच्या मागच्या बाजूला नेतात, जिथे त्याच्या तोफा कमी. म्हणजे इथे खरं हत्यार वारा. जॅकच्या गेममध्ये मला हेच कुठे सापडलं नव्हतं.

परवा आजोंना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं गुराब फिरवली, दोनदा खडकावर घातली. मग म्हणाले, "वारो एकाच बाजून येता. दुपारनंतर वारो फिरता, ता घातलंस काय?"

नव्हतं घातलं. आज रात्री तेच बसून करणार आहे.