धुळपांची गोदी

रत्नागिरीजवळच्या पावस गावाहून किनाऱ्याने दक्षिणेला उतरत गेले की पूर्णगड, आंबोळगड आणि मग वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग. या पट्ट्यातले मराठी आरमार म्हटले की आपल्याला लढाया आठवतात. लढून आलेल्या जहाजांचे तळ कोण, कुठे दुरुस्त करत होते, हे फारसे कुणी विचारत नाही.

1756 मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गाचे मराठी दर्यासरदार तुळाजी आंग्रे यांच्यावर मोहीम काढली आणि विजयदुर्गाच्या बंदरातले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. हे नुकसान आपण आपल्याच हाताने ओढवून घेतले. ते लिहितानाही बोचते. पुढे पेशव्यांनी तिथेच आरमाराचा सुभा मांडला आणि काही वर्षांनी सुभेदारी आनंदराव धुळपांकडे आली. धुळप मूळचे जावळीचे मोरे, अशी घराण्याची परंपरा आहे. म्हणजे घाटमाथ्यावरचे घराणे दर्यावर येऊन रुजले. सुभेदाराला नुसती लढाई करून भागत नसे. गुराबा-गलबते ही लढाऊ जहाजे बांधायची, खलाशांचे पगार चुकवायचे, समुद्रावरून जाणाऱ्यांचे परवाने तपासायचे आणि पुण्याच्या दरबाराला हिशेब द्यायचा, हे सारे त्याच्या शिरावर.

किल्ल्यापासून खाडीत थोडे आत, गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला, कातळात कोरलेली गोदी आहे. लांबी सुमारे 355 फूट, रुंदी 227. कोणी ती आंग्र्यांची मानतात, कोणी धुळपांची. कोकणातल्या भरती-ओहोटीवरच तिचे काम चाले. भरतीला जहाज आत घ्यायचे. ओहोटीला पाणी उतरले की तळ उघडा पडे. मग सुतारांनी किड्यांनी पोखरलेल्या फळ्या काढून नवे सागवान बसवायचे आणि फटी बुजवायच्या. या दुरुस्तीवाचून गुराब लढाईला उतरूच शकत नसे. म्हणून गोदी मला किल्ल्याइतकीच मोलाची वाटते.

8 एप्रिल 1783 रोजी रत्नागिरीच्या समुद्रात धुळपांच्या आरमाराने इंग्रजांचे रेंजर जहाज झुंजून पकडले आणि विजयदुर्गाला नेले. जहाजावरचे इंग्रज अधिकारी कर्नल हंबर्स्टन या लढाईत जखमी झाले आणि विजयदुर्गालाच वारले. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह आदल्याच वर्षी झालेला, त्यामुळे जहाज पुढे परत करावे लागले.

इकडे मुंबईत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या देखरेखीखाली 1750 मध्ये कोरडी गोदी उभी राहिली होती. त्या घराण्याने पुढे ब्रिटिश नौदलाला युद्धनौका बांधून दिल्या. 1818 मध्ये विजयदुर्गही इंग्रजांकडे गेला. मुंबईची गोदी हाताशी असताना त्यांना वाघोटनच्या गोदीची गरज उरली नाही.