उपग्रहाला गवत दिसते, गायरानधारक दिसत नाही

माळरानाला सरकारी कागदावर आजवर एकच नाव होते, ते म्हणजे पडीक. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली काढला. २०१९ सालापर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. चित्रात दाट झाडी दिसली नाही, उभे पीक दिसले नाही, की ती जमीन झुडपी आणि निरुपयोगी. मग ती सौर प्रकल्पाला द्या, नाहीतर वनीकरणाचे खड्डे खणा.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला नकाशा या पडीकपणाला खोडून काढतो. उपग्रहचित्रांच्याच आधारे त्यांनी दाखवले की निमशुष्क भागातील नैसर्गिक गवताळ व झुडपी माळराने देशाच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे तीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहेत. ती तुटलेली जंगले नव्हेत. लांडगा, तणमोर, माळढोक यांचे ते मूळ घर आहे आणि महाराष्ट्रात ते मोठ्या प्रमाणात आहे. आम्ही या नकाशाचे स्वागत करतो. पडीक ही जमिनीला दिलेली शिवी आहे. शिवी दिली की हक्क काढून घेणे सोपे जाते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण याच माळरानावर आमचे लोकही आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह लढवला, तो याच जमिनीसाठी. त्या लढ्याच्या रेट्यातून पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे त्याने कबूल केले. तारीख कोणाच्या जयंतीची, हे सांगायला नकोच. अंमलबजावणी मात्र आजही कित्येक गावांत फायलीतच अडकली आहे.

आता उपग्रह काय पाहतो ते समजून घ्या. तो जमिनीवरचे आच्छादन पाहतो, वहिवाट पाहत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा एक ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे आपला जवळपास एक गुंठा. लँडसॅटचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठे. दोन एकरांच्या तुकड्याला लँडसॅटचे अवघे नऊ ठिपके येतात आणि बांधावरच्या ठिपक्यात शेजारचे गवतही मिसळते. त्यात मुरमाड गायरानावर बाजरी, हुलगा, मटकी असली खरिपाची पिके. पीक उभे असते तेव्हा आभाळात ढग असतात. ढग सरतात तोवर काढणी झालेली असते. पावसात गवतही हिरवे, पीकही हिरवे. उन्हाळ्यात दोन्ही करडे. एखाद्या वर्षी बियाण्याला पैसा नसला तर रान तसेच राहते आणि संगणक त्याला बिनदिक्कत नैसर्गिक गवताळ प्रदेश ठरवतो. संशोधकांचा नकाशा ठिपक्यागणिक फक्त शक्यता सांगतो, हे खरे. तहसील कचेरीत पोचेपर्यंत त्या शक्यतेचा पंचनामा होतो.

हा बागुलबुवा नाही. माळढोक अभयारण्याची रेषा १९७९ साली सोलापूर-नगरच्या साडेआठ हजार चौरस किलोमीटरवर ओढली, त्यात गावेच्या गावे गेली. पुढे ते क्षेत्र सव्वाबाराशेवर आणावे लागले. वनहक्काच्या खटल्यात १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि अतिक्रमणे उपग्रहाने मोजायलाही सांगितले. हटवण्याचा आदेश पंधरा दिवसांत स्थगित झाला. गायरानाबाबत जगपालसिंग निकालाने (२०११) सार्वजनिक जमिनी मोकळ्या करा म्हटले, पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर अपवाद ठेवला. नोटिसा काढणारे निकाल वाचतात, अपवाद गाळतात.

वनहक्क नियमांत २०१२ साली स्पष्ट लिहिले गेले की उपग्रहचित्र इतर पुराव्याला पूरक असेल, त्याची जागा घेणार नाही. तो नियम गायरानाला लागू नाही. तो लागू व्हावा, आणि परिसंस्थेचा कोणताही नकाशा सरकारने वापरण्याआधी ग्रामसभेत गट नंबरानुसार वाचून दाखवावा, ही आमची मागणी आहे.

तोवर हेच हत्यार आपल्या हातात घेता येते. लँडसॅट-५ उपग्रह १९८४ पासून आणि आपला आयआरएस-१ए १९८८ पासून आकाशात होता. लँडसॅटची जुनी चित्रे २००८ पासून फुकट मिळतात. १९९० पूर्वीची वहिवाट सांगणारा हा साक्षीदार उलटतपासणीत फुटत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे. सोबत गाव नमुना एक-ई चा उतारा आणि दंडाच्या पावत्या हव्यातच, कारण एकटे चित्र आपल्यालाही पुरणार नाही. कार्यकर्त्यांनी चित्र कोणत्या महिन्याचे मागायचे हेही ठरवून घ्यावे. नोव्हेंबरात भोवतीचे गवत पिवळे पडते आणि तूर हिरवी उभी असते. जिथे तूर पेरली जात होती, तिथे नोव्हेंबर १९८९ चे मागा.