दोष शोधणाऱ्या साधनाची मार्गदर्शिका

कोणतेंही हत्यार कितीही उत्तम असलें, तरी तें कसें चालवावें हें स्पष्ट सांगणारें कोणी नसेल, तर त्याचा पुरता उपयोग होत नाहीं. औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी काय किंवा शिवणयंत्राबरोबर मिळणारें पुस्तक काय, दोन्ही याच कामाचीं. संगणकाच्या साधनांसही हाच नियम लागू आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ विद्यार्थी हल्लीं प्रोग्राम लिहावयास शिकत आहेत. म्हणून अशाच एका साधनाचा व त्याच्या मार्गदर्शिकेचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणकास क्रमानें दिलेल्या आज्ञांच्या मालिकेस प्रोग्राम म्हणतात. त्यांतील दोषास इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा असें नांव आहे. हा शब्द जुना आहे. एडिसननें १८७८ सालीं एका पत्रांत यंत्रांतील बारीकसारीक दोषांस तो योजिला होता. पुढें ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें 'मार्क दोन' नांवाच्या गणकयंत्रांत खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला, व तो तेथील नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. प्रोग्राममधील किडे मात्र असे चिमट्यानें काढतां येत नाहींत. ते शोधण्याच्या साधनास डीबगर म्हणतात.

अशा साधनांपैकीं 'जीडीबी' हें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं प्रथम लिहिलें, व तें आजही वापरांत आहे. यांत चित्रांवर बोट ठेवून काम होत नाहीं; एकेक आज्ञा अक्षरांनीं लिहून द्यावी लागते. 'ब्रेक' म्हणजे अमुक ठिकाणीं थांब. 'रन' म्हणजे प्रोग्राम सुरू कर. 'प्रिंट' म्हणजे अमुक राशीची किंमत दाखव. 'स्टेप' व 'नेक्स्ट' म्हणजे एक पाऊल पुढें चल. इतकें वाचलें कीं साधन समजलें असें वाटतें. परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते.

समजा, एका विद्यार्थ्यानें सी भाषेंत पांच विषयांच्या गुणांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. गुण ६०, ७०, ५५, ६५ व ८०. बेरीज ३३० यावयास हवी, पण उत्तर येतें २७०. सी भाषेंत रांगेंतील पहिल्या जागेचा क्रमांक शून्य असतो. विद्यार्थ्यानें मोजणी एकापासून सुरू केल्यामुळें पहिले ६० गुण गळाले. दोष एवढाच, पण तो त्यास ठाऊक नाहीं. बेरजेचा भाग त्यानें स्वतंत्र फंक्शन म्हणून लिहिला आहे, आणि मुख्य भागांतील एका ओळींत त्या फंक्शनास बोलाविलें आहे. त्या ओळीवर प्रोग्राम थांबवून तो 'नेक्स्ट' ही आज्ञा देतो. बेरीज होऊन जाते, २७० हातीं येतात, आणि दोष दृष्टीआडच राहतो. 'स्टेप' दिली असती तर तो फंक्शनच्या आंत शिरला असता. दोन्ही आज्ञांचा अर्थ 'एक पाऊल पुढें' इतकाच लिहिला, तर हा भेद कळावा कसा? जीडीबीच्या आजच्या साहाय्यलेखांत 'नेक्स्ट'ची 'स्टेप'शीं तुलना करून, ही आज्ञा फंक्शनच्या आंत न जातां तें सबंध एका ओळीप्रमाणें ओलांडते, असें सांगितलें आहे. त्या एका तुलनेनें संदेह फिटतो.

आतां आमचा विद्यार्थी फंक्शनच्या आंत आला. बेरजेच्या राशींत शून्य घालणारी ओळ पडद्यावर दिसते. तो 'प्रिंट' देऊन त्या राशीची किंमत विचारतो, तों शून्याऐवजीं भलताच आंकडा उमटतो. त्यास वाटतें, दोष येथेंच आहे. वस्तुतः पडद्यावर दिसणारी ओळ झालेली नसून अद्याप व्हावयाची असते. त्याच्या दृष्टीस पडला तो संगणकाच्या स्मृतींत आधींपासून उरलेला आंकडा. 'दाखविलेली ओळ अजून चाललेली नाहीं', एवढें एक वाक्य मार्गदर्शिकेच्या आरंभीं असेल, तर नवशिक्याचा तासभर वेळ वांचतो.

तिसरें उदाहरण अधिक गंभीर आहे. मोजणीच्या पहिल्या फेरींत क्रमांकाची राशि शून्य आहे काय, हें त्यास पाहावयाचें आहे. सी भाषेंत 'समान आहे काय' असें विचारण्यास दोन बरोबर-चिन्हें लागतात. एकच चिन्ह दिलें तर ती किंमत भरण्याची आज्ञा होते. 'प्रिंट' दोन्ही पाळते. त्यानें घाईनें एकच चिन्ह लिहिलें. राशींत एकाऐवजीं शून्य भरलें गेलें, गळालेले ६० गुण मोजले गेले, आणि उत्तर आलें ३३०! दोष गेला असें समजून तो निजावयास जातो. दुसऱ्या दिवशीं तोच प्रोग्राम पुनः २७० दाखवितो. पाहण्याचें साधन पाहतां पाहतां वस्तूच बदलूं शकतें, हें 'प्रिंट म्हणजे दाखव' एवढें वाचणाऱ्यास कोठून कळणार? जीडीबीच्या मोठ्या माहितीपुस्तकांत ही गोष्ट सांगितली आहे. पण ती प्रोग्रामचें चालणें बदलण्याच्या प्रकरणांत. ज्यास केवळ पाहावयाचें आहे, तो तें प्रकरण उघडीतच नाहीं.

यावरून मार्गदर्शिका लिहिणारानें चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या, असें आम्हांस वाटतें. आज्ञा दिल्यावर नेमकें काय होईल तें सांगावें. त्या वेळीं वाचक कोठें उभा आहे, हें दाखवावें. जवळच्या आज्ञेहून ही कोणत्या बाबतींत निराळी, तें स्पष्ट करावें. आणि धोक्याची सूचना जेथें पाय घसरतो तेथेंच द्यावी, दहा प्रकरणें सोडून नव्हे.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाहीं. अस्पष्ट सूचना वाचून चुकलेला मुलगा सूचनेस दोष देत नाहीं. तो स्वतःस मंदबुद्धि समजतो आणि विषयच सोडून देतो. पालकांनींही हें लक्षांत घ्यावें. मुलास एखादी गोष्ट उमगली नाहीं, तर प्रथम ती त्यास कोणत्या शब्दांत सांगितली गेली, हें पाहावें.

जीडीबीचा मूळ मजकूर व त्याची मार्गदर्शिका सर्वांस खुली आहे. कोणासही ती वाचतां येते व सुधारणा सुचवितां येते. म्हणून विद्यार्थ्यांनीं एक सवय लावून घ्यावी: जें वाक्य आपणांस अडलें, तें समजल्यावर अधिक स्पष्ट करून आपल्या वहींत लिहावें, आणि योग्य वाटल्यास त्या साधनाच्या कर्त्यांसही कळवावें. ज्या दगडास आपण ठेंचाळलों, तो मागून येणाऱ्यासाठीं बाजूस सारून ठेवणें, हा शेजारधर्मच होय. आणि तो पाळण्यास मोठें पांडित्य लागत नाहीं.